गाडी घरी ठेवून बुऱ्हाणपूरला

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका सकाळी धुक्यात माझ्या गाडीचा एका दूधवाल्याच्या सायकलला धक्का लागला. मी पाहुण्यांना झाशीला सोडून एकटाच ग्वाल्हेरला परत येत होतो. सायकल मला दिसली तेव्हा ती बोनेटच्या पुढे दोन हातांवर होती. मी ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. माणूस रस्त्याच्या कडेला पडला, दोन्ही किटल्या उलटल्या आणि डांबरावर दूध पसरलं.

तो आपला आपण उठला. कोपर सोललं होतं, बाकी काही नव्हतं. मी त्याला गाडीत बसवून पुढच्या गावातल्या डॉक्टरकडे नेलं, पट्टी करून घेतली. त्याचा भाऊ मोटारसायकलवर आला आणि त्याला घेऊन गेला. जाताना दूधवाल्याने मला आपलं नाव सांगून नंबर दिला. "फिकर मत करो बाबूजी," असंही म्हणाला. ना भांडण झालं, ना पोलीस आले. घरी पोचल्यावर बायकोने बंपरचा पोचा पाहून विचारलं, तर मी सांगितलं, "गेटच्या खांबाला लागली."

चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी कधी खोटं बोललो नाही, असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण एवढं मोठं, आणि इतके महिने टिकलेलं खोटं हे पहिलंच.

त्या दिवसापासून स्टिअरिंग हातात घेतलं की मनगटं गार पडायची. चौकापर्यंत जाऊन मी गाडी परत आणायचो. मग कारणं सुरू झाली. बॅटरी उतरली आहे. बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही. गुडघा दुखतोय. मी नोकरीभर पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात नकाशे काढले. खोटी रेघ ओढली तर वरिष्ठ लगेच लाल पेन्सिलीने खूण करत. बायकोने मात्र एकाही कारणावर खूण केली नाही. "बरं, रिक्षाने जाऊ," म्हणायची आणि चपला घालायची.

पुढचा डिसेंबर आला. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना सांगायला नको. दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही. बायकोच्या बोटांचे सांधे सुजतात, सकाळी तिला कणीक मळता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर कुठे तरी उन्हात जाऊन या. औषधाइतकंच काम करेल."

आमची मुलगी बंगळुरात असते. तिने त्या रात्रीच गावांची यादी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल लावला.

"गोवा बघा. नाही तर उदयपूर. नाही तर पुदुच्चेरी," ती म्हणाली. "आणि बाबा, तुमच्यासाठी खास गोष्ट म्हणजे तिन्हीकडे गाडी भाड्याने मिळते. ड्रायव्हर नको, तुम्ही स्वतः चालवा. तुम्हाला दुसऱ्याने चालवलेलं आवडतच नाही ना!"

मी म्हणालो, "बघतो."

दोन दिवस मी वर्तमानपत्रातलं हवामानाचं कोष्टक घेऊन बसलो. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की म्हातारा ऊन शोधतोय. ऊन तर हवंच होतं, पण मला असं गाव हवं होतं जिथे गाडीचा विषयच निघणार नाही. गोव्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला वाहन लागतंच. उदयपूरची रात्र आमच्या रात्रीपेक्षा फार वेगळी नाही. पुदुच्चेरी लांब. महाबळेश्वरचं नाव एका शेजाऱ्याने काढलं, तर मला तिथला घाट आठवूनच घाम फुटला. शिवाय तिथे थंडीच.

बायको भाजी निवडत शेजारी बसली होती. ती सहज म्हणाली, "आमच्याकडे जानेवारीत दुपारी अंगावर स्वेटर ठेवता यायचा नाही. आई सकाळी पातळसा घालायची, दहा वाजता काढून ठेवायची."

आमच्याकडे म्हणजे नेपानगरला. तिचे वडील तिथल्या कागदाच्या गिरणीत होते. सातारा जिल्ह्यातून नोकरीसाठी गेले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. लग्नाआधीची तिची सगळी वर्षं त्या वसाहतीत गेली.

"नेपानगरला राहायला काही मिळेल का?" मी विचारलं.

"तिथे कशाला? बुऱ्हाणपूरला मिळेल. आम्ही दिवाळीचे कपडे घ्यायला तिथेच जायचो." मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "अहो, मी आपलं सहज म्हटलं."

पण मी फोन हातात घेतला होता. ग्वाल्हेरहून थेट रेल्वेगाडी होती. दिवसा तापमान अठ्ठावीस. गावात पायी फिरता येतं, रिक्षा मुबलक. मी म्हणालो, "ठरलं."

"बुऱ्हाणपूर?" मुलगी फोनवर ओरडली. "म्हणजे केळ्यांचं? बाबा, तिथे सुट्टीला कोण जातं?"

"आम्ही," मी म्हणालो. कित्येक महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

गाडी धुक्यामुळे पाच तास उशिरा आली. फलाटावर सगळे चिडले होते. मी मात्र मजेत होतो. त्या धुक्यात गाडी चालवायची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी होती. मी शाल ओढून झोपलो ते सकाळी चांगलं उजाडल्यावरच उठलो. इटारसी मागे पडलं होतं, धुकं विरलं होतं. खंडव्यानंतर बायकोने खिडकी सोडली नाही. नेपानगर आलं तेव्हा ती उठून दारापर्यंत गेली. पुढच्या चांदनी स्टेशनवर गाडी थांबली नाही, पण पाटी वाचता आली. "इथून एक मुलगी माझ्या वर्गात यायची," ती म्हणाली, "रोज, पॅसेंजरने."

बुऱ्हाणपूरला उतरलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. फलाटावर असं ऊन होतं की आम्ही दोघं तिथेच बाकावर बसलो. बायकोने आधी कानटोपी काढली, मग हातमोजे, मग स्वेटर, मग पायमोजे. पायमोज्यांची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि पाय उन्हात पसरले.

स्टेशन गावापासून थोडं लांब आहे. बाहेर एक रिक्षावाला उभा होता, माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान, डोक्यावर पांढरी टोपी, कानात बारीक बाळी. आम्हाला मराठीत बोलताना ऐकून त्याने बॅग उचलली.

"कुठी जायचं भाऊ? शनवाऱ्याला, लॉजकडे? बसा ना आरामशीर. ताई, तुम्ही इकडून बसा, ऊन मागून लागेल."

रस्त्यात केळ्यांचे ट्रक लागले. एका गल्लीतून यंत्रमागांची खटखट आली आणि बायको म्हणाली, "हे अजून आहे!" रिक्षावाला हसला. "हे बंद पडलं तर आम्हाला झोप येत नाही ताई. तुम्ही इथल्याच का?" तिने नेपानगरचं सांगितलं. त्याचा एक काका गिरणीत होता म्हणे. एवढ्यावर नातं जमलं. पुढचे सगळे दिवस तोच सकाळी दहाला लॉजच्या खाली येऊन हॉर्न वाजवायचा. घाई नाही, आरडाओरडा नाही.

लॉज साधं होतं, पण गच्ची होती. पहिले दोन दिवस आम्ही फारसं काही केलं नाही. सकाळी चहा घेऊन गच्चीवर, मग किल्ल्यात जाऊन तापीकडे तोंड करून बसायचं, दुपारी जेवून पुन्हा गच्चीवर. मावा जलेबी पहिल्या दिवशी एकेक खाल्ली, दुसऱ्या दिवशी दोन-दोन. तिसऱ्या सकाळी बायकोने माझ्यासमोर हात धरला आणि बोटं मिटून उघडून दाखवली. पूर्ण मूठ वळत होती. "बघा," ती म्हणाली. लहान मुलीसारखी खूश झाली होती.

मीही खूश असायला हवं होतं. होतोही. पण रिक्षात बसलं की मी आतून ताठ व्हायचो. मला वाटायचं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही राजघाटाकडे निघालो. गल्ली अरुंद होती. एका बोळातून एक म्हातारा सायकलस्वार अचानक पुढे आला, मागे कापडाचे गठ्ठे बांधलेले. रिक्षावाल्याने ब्रेक लावला, रिक्षा हळूच थांबली, सायकलस्वार मान हलवून निघून गेला. रोज दहा वेळा होणारी गोष्ट. पण मी ओरडलो होतो. माझा उजवा पाय रिक्षाच्या तळावर जीव खाऊन दाबलेला होता आणि डाव्या हाताने मी रिक्षावाल्याचा खांदा गच्च धरला होता.

तो मागे वळला. रागावला नव्हता. "भाऊ, ब्रेक माझ्या पायाखाली आहे. तुम्ही काहून दाबून राहिले?"

मी खांदा सोडला. "सवय," म्हणालो.

"तुम्ही गाडी चालवता का?"

"चालवायचो."

शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की काय गेलं. 'चालवतो' म्हणायला हवं होतं. आमची गाडी ग्वाल्हेरच्या दारात झाकून ठेवलेली होती, लायसन्स माझ्या पाकिटात होतं. बायकोने बाहेर पाहिलं.

घाटावर रिक्षावाला चहा प्यायला गेला. आम्ही पायऱ्या उतरून खाली बसलो. पाणी संथ होतं. पलीकडे कुणी चादरी धूत होतं.

"चालवायचो," बायको म्हणाली. "म्हणजे आता नाही."

मी पायरीवरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"खांबाला नव्हती लागली ना?"

मग मी सगळं सांगितलं. धुकं, सायकल, दूध, डॉक्टर, भाऊ. एक वर्ष ज्याला घाबरलो ते सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

ती ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "त्या आठवड्यात गाडीच्या पुढच्या बाजूला आंबूस वास येत होता. नासक्या दुधाचा. मी दोनदा बादलीभर पाणी मारलं. तुम्ही दूध सांडलं असेल असं आधी वाटलं. पण तुम्ही कधी दूध आणायला जाता? मग म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील."

"एक वर्ष थांबलीस?"

"तुम्ही सांगितलंत नाही एक वर्ष." तिने पदर सावरला. "आणि खरं सांगू का, मला बरंच वाटत होतं."

"कशाचं?"

"गाडी उभी राहिली त्याचं. अहो, गेली तीन वर्षं मी तुमच्याशेजारी जीव मुठीत धरून बसायचे. संध्याकाळचं तुम्हाला नीट दिसत नाही. वळण मोठं घेता. ट्रकच्या मागे अगदी चिकटता. काही म्हटलं की तुम्हाला राग येतो."

"पण तू तर गाडीत बसलीस की झोपायचीस!"

"झोप कसली? डोळे मिटून बसायचे मी. बघवत नव्हतं म्हणून."

हे ऐकून मला पहिल्यांदा वाईट वाटलं, हे कबूल करतो. पंचवीस वर्षं मी लोकांना अभिमानाने सांगत आलो होतो की मी गाडी इतकी अलगद चालवतो की शेजारी बसलेल्या माणसाला झोप लागते. पाहुण्यांसमोर सांगायचो. ती तेव्हा हसून मान डोलवायची. ते आठवलं आणि मी तिच्याकडे पाहिलं. तिला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, ती हसायला लागली. तोंडावर पदर धरूनही हसू थांबेना. मग मीही हसलो. चादरी धुणारा माणूस पलीकडून आमच्याकडे बघायला लागला.

हसणं ओसरल्यावर तिने विचारलं, "तो दूधवाला कसा आहे आता?"

मी एकदाही फोन केला नव्हता. नंबर फोनमध्ये होता, 'दूध' म्हणून. आधी वाटलं चार दिवसांनी करू. मग चार आठवडे झाले, आणि मग इतका उशीर झाला की करायची लाज वाटली. खरं तर भीती वाटत होती. कोपराचं पुढे काही झालं असेल तर? डोक्याला मार लागला असेल आणि तेव्हा कळलं नसेल तर? अशा गोष्टी आपण ऐकतो.

"लावा," ती म्हणाली.

"लॉजवर जाऊन लावतो."

"आत्ता."

मी लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग एका बाईचा आवाज आला. मी अडखळत त्याचं नाव घेऊन विचारलं, ते आहेत का.

"वो नहीं हैं," बाई म्हणाली, आणि फोन कट झाला.

पुन्हा लावला तर लागेना. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राबाहेर.

"वो नहीं हैं," मी बायकोला सांगितलं. माझ्या आवाजात काय होतं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"म्हणजे घरी नाहीत," ती ठामपणे म्हणाली.

"तसं म्हणाली नाही ती."

"मग काय म्हणेल? बाई माणूस कामात असते. चला."

आम्ही त्या दिवशी कुंडी भंडारा बघायचं ठरवलं होतं. मी म्हणालो, मी लॉजवर जातो. ती म्हणाली, लॉजवर बसून फोनकडे बघत राहण्यापेक्षा तिथे चला. रिक्षावाल्याला तिने काय सांगितलं माहीत नाही, पण तो रस्ताभर इतकी हळू रिक्षा चालवत होता की सायकली आम्हाला मागे टाकत होत्या.

जमिनीखालच्या त्या जुन्या पाण्याच्या कालव्यात उतरायला छोटीशी लिफ्ट आहे. एरवी मी तिथे तास घालवला असता. पाण्याचे उतार, हवेसाठी खोदलेल्या विहिरी, हे माझ्या आयुष्यभराच्या कामाचे विषय. पण मी खाली गेलोच नाही, कारण खाली फोनला रेंज मिळाली नसती. वर एका दगडावर बसून राहिलो. बायको खाली जाऊन आली, पाणी किती स्वच्छ आहे ते सांगू लागली. मी हो हो करत होतो. मनात मात्र त्याच्या घरात कोण कोण असेल ते मोजत होतो. बायको आहे. मुलं किती? म्हशी कोण बघतं आता?

रिक्षावाला माझ्याजवळ येऊन बसला. थोड्या वेळाने त्याने खिशातून भाजलेल्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. "खा भाऊ," म्हणाला. मी खाल्ल्या.

चार वाजता आम्ही गच्चीवर होतो तेव्हा फोन वाजला. पडद्यावर 'दूध'. मी तो उचलून कानाला लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, जोरात, शेतावरून बोलतात तसा.

"हाँ, कौन? मेरी घरवाली कह रही थी किसी का फोन आया था।"

मी म्हणालो, "मैं... पिछली सर्दी में... कोहरा था... मेरी गाड़ी..."

"अरे बाबूजी! आप!" तो ओरडला. "राम-राम! कैसे हो?"

मी विचारलं, "आपकी कोहनी?"

"कोहनी?" त्याला आधी आठवेना. "अरे वो! वो तो हफ्ते भर में ठीक हो गई थी। आज भैंस को लेके अस्पताल गया था, फोन घर पे छूट गया। आप बताओ, उस दिन आप घर ठीक से पहुँच गए थे?"

मला कळेना तो काय विचारतोय.

"हाथ बहुत काँप रहे थे आपके। पानी का गिलास नहीं पकड़ा जा रहा था। मैंने घर आके बोला भी, बुजुर्ग आदमी हैं, अकेले गाड़ी लेके नहीं जाने देना था। नंबर भी इसीलिए दिया था, कि पहुँच के बता दोगे।"

तो माझी काळजी करत होता. मी त्याचं कोपर मनात घेऊन वर्षभर फिरलो, आणि तो माझ्या फोनची वाट बघत होता. मी "पहुँच गया था, पहुँच गया था" एवढंच म्हणत राहिलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"भैया, भैंस को क्या हुआ?" तिने विचारलं.

आणि मग पुढची पाच मिनिटं ती दोघं म्हशीबद्दल बोलली. म्हशीचं पोट फुगलं होतं, आता बरी होती. किती मुलं, धाकटी कितवीत, सायकल नीट झाली की नवी घेतली, सगळं तिने विचारून घेतलं. मी कठड्याला टेकून उभा होतो. खाली यंत्रमाग चालू होते. ऊन उतरत होतं, पण भिंत अजून गरम होती, आणि मला पाठ त्या भिंतीला लावून तिथेच बसावंसं वाटलं. बसलो.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी तिलाही सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आई डोळे मिटून बसते हे मला माहीत होतं. मागच्या सीटवर मीही तेच करायचे."

"आणखी कुणाकुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"मामाला," ती म्हणाली. "मावशीला. म्हणजे सगळ्यांनाच."

त्या दिवसापर्यंत असं काही ऐकलं असतं तर मी चार दिवस जेवलो नसतो. त्या संध्याकाळी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

परत गेल्यावर फेब्रुवारीत आम्ही गाडी विकून टाकली. घेणारा तरुण होता, त्याने बंपर बदलून घेऊ म्हटलं. मी हो म्हणालो. तो गाडी घेऊन कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभा राहिलो. मन भरून आलं का? थोडं आलं. पंचवीस वर्षांपूर्वी पहिली गाडी आणली तेव्हा आम्ही तिला हार घातला होता, ते डोळ्यांसमोर आलं. पण आत येऊन चहा घेतला, आणि बायको म्हणाली की उद्या भाजी आणायला ई-रिक्षाने जाऊ, तेव्हा जे वाटलं ते दुःखाच्या जवळचं काही नव्हतं.

पण ती पुढची गोष्ट. बुऱ्हाणपुरात आमचे अजून तीन दिवस होते. आम्ही ते पाच केले. परतीची तिकिटं बदलून घेतली, कारण बायकोला नेपानगरला जायचं होतं आणि मला कुंडी भंडाऱ्यात खाली उतरायचं होतं.

नेपानगरला आम्ही गाडीनेच गेलो, म्हणजे रेल्वेने. तिचं जुनं क्वार्टर तिने लगेच ओळखलं. तिथे आता एक नोकरदार कुटुंब राहतं. दारातल्या बाईने आम्हाला आत बोलावलं, पाणी दिलं. बायकोने फक्त मागचं अंगण बघितलं आणि पाच मिनिटांत निघाली. मला वाटलं रडेल. रस्त्यावर येऊन म्हणाली, "किती लहान आहे हो! आम्ही सहा जणं कशी मावत होतो?" आणि पेरू विकत घ्यायला थांबली.

येताना पॅसेंजरमध्ये तिला खिडकीजवळ झोप लागली. तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला, अधूनमधून बारीक घोरणं. पर्स मांडीवरून घसरत होती, ती मी माझ्याकडे घेतली. मी बराच वेळ तिच्याकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी कुंडी भंडाऱ्याला गेलो. या वेळी रिक्षावालाही आमच्याबरोबर खाली आला. इतकी वर्षं पाहुणे आणून सोडतो, पण स्वतः एकदाच उतरला होता म्हणे, तेही शाळेत असताना. खाली पाणी पायापाशी झुळझुळ वाहत होतं, वर गोल तोंडातून प्रकाश येत होता. मी त्याला समजावून सांगितलं की उतार किती थोडा ठेवला आहे, पाणी डोंगरातून झिरपत कसं येतं, विहिरी एका रेषेत का आहेत. तो लक्ष देऊन ऐकत होता. बायको म्हणाली, "आता हे थांबायचे नाहीत."

"बोलू द्या ना ताई," तो म्हणाला. "मला आवडून राहिलं."

मी बोलत राहिलो.